फायटरच्या टँकमधले सोबती आणि झाडं: जे जे घेतलं त्या सगळ्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, मग ज्यांना वेळ आहे त्यांनी सविस्तर वाचा. फायटर म्हणजे बेट्टा मासा, त्याच्यासोबत टँकमध्ये ठेवायला माझ्या मते सगळ्यात भारी म्हणजे कुहली लोच, त्यानंतर नेराइट गोगलगाय आणि हार्लेक्विन रासबोरा. झाडांमध्ये अनुबियास आणि वरती तरंगणारं काहीतरी, एवढं असलं तरी अर्धं काम झालं. गप्पी, गुरामी, टायगर बार्ब, सकर आणि गोल्डफिश या माशांपैकी काहीही कोणी कितीही प्रेमाने गळ्यात मारलं तरी घेऊ नका. आणि क्रम महत्त्वाचा आहे, झाडं आधी, सोबती त्यानंतर आणि फायटर सगळ्यात शेवटी. दुकानात बरोब्बर याच्या उलट होतं, आधी फायटर पसंत पडतो, मग त्याला एकटं वाटेल म्हणून कोणीतरी घेतलं जातं, आणि झाड म्हणजे जाताजाता उचललेलं प्लास्टिकचं हिरवं काहीतरी.

माझा टँक दोन फुटी, म्हणजे ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर, कागदावर ५४ लिटर पण रेती, दगड, लाकूड टाकल्यावर पाणी चाळीस-पंचेचाळीस लिटरच बसतं. राहायला ठाण्यात, पाणी महापालिकेचं, स्पंज फिल्टर, वर काचेचं झाकण, साधी एलईडी, झाडांना देतात तो सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड वगैरे काही नाही. मासे काही घराजवळच्या दुकानातून, काही क्रॉफर्ड मार्केटच्या ॲक्वेरियमवाल्यांकडून, आणि झाडं बरीचशी ऑनलाइन. फायटर हाफमून नर आहे, निळ्यावर लाल, शेपूट पूर्ण उघडली की अर्धवर्तुळ होतं तो प्रकार. हे मुद्दाम सांगतेय कारण तुमचा फायटर प्लाकॅट असेल, आखूड शेपटीचा, तर तो पोहायला खूप चपळ असतो आणि पाठलाग केला तर पकडतोही, त्यामुळे माझ्याकडे जे चाललं ते तुमच्याकडे चालेलच असं नाही. हाफमूनचं उलट असतं, एवढी जड शेपूट ओढत तो कोणाला पकडायला जात नाही पण बाकीचे मात्र त्याची शेपूट सहज कुरतडू शकतात.

आता दुकानाबद्दल. घराजवळच्या दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हे असंच बोलणं मी इतरही ठिकाणी ऐकलंय. तिथे फायटरचा कॉम्बो मिळतो, गोल बाऊल, रंगीत खडे, एक प्लास्टिकचं झाड आणि सोबत टँक साफ ठेवायला म्हणून बोटभर सकर. मी विचारलं दादा हा केवढा होतो, तर म्हणाले "ताई, टँक जेवढा तेवढाच वाढतो, टेन्शन घेऊ नका." हे साफ खोटं आहे. साधा सकर म्हणजे प्लेको हा फूट-दीड फूट वाढणारा मासा आहे, लहान जागेत तो लहान राहत नाही, खुरटतो आणि आतून आजारी पडून मरतो. वर त्याची घाण एवढी की छोट्या टँकचं पाणी तो साफ ठेवायच्या ऐवजी बिघडवतो. आणि मोठा झाला की लोक तलावात नाहीतर नदीत सोडून येतात, तिथे तो स्थानिक माशांच्या मुळावर येतो, जाळ्यात अडकून मच्छीमारांची जाळी फाडतो, आपल्या देशात कितीतरी ठिकाणी ही डोकेदुखी झालेली आहे. तेच टायगर शार्क नावाने मिळणाऱ्या पिल्लांचं, तो पंगॅसियस असतो, खायचा मासा, मीटरभर होणारा. त्यामुळे दुकानदाराला कुठलाही मासा दाखवून पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की पूर्ण वाढल्यावर किती इंच, आणि उत्तर आलं तरी घरी येऊन स्वतः तपासायचं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन घ्यायचा.

क्रॉफर्ड मार्केटचा अनुभव बरा होता पण वेगळ्या कारणाने. तिथे व्हरायटी आहे, कुहली, हार्लेक्विन, एम्बर टेट्रा असं घराजवळच्या दुकानात न दिसणारं काय काय मिळतं, आणि चार दुकानं बाजूबाजूला असल्यामुळे मासे नीट बघून घेता येतात. फायटर मात्र तिथेही तसेच, छोट्या छोट्या डब्यांत नाहीतर पिशव्यांत रचलेले. रविवारी जाऊ नका, गर्दीत दुकानदाराला बोलायला वेळ नसतो आणि जाळी मारताना तो तुम्ही दाखवलेला मासा सोडून हाताला येईल तो उचलतो. घेताना मला बघायचं असतं ते एवढंच, पोट आत गेलेलं नको, पंख चिकटवून बसलेला नको, अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके नकोत, आणि त्याच टँकमध्ये एकही मेलेला मासा नको. एक मेलेला दिसला तरी त्या टँकमधलं काही घ्यायचं नाही.

आता फायटर असा का वागतो हे थोडं समजून घेतलं की कोण चालेल कोण नाही हे आपोआप कळतं. हा मूळचा थायलंडकडचा, भातखाचरं, दलदल, पाटाचं उथळ संथ पाणी आणि त्यात दाट झाडी, तिथला मासा. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीरही केलंय. पाण्यात ऑक्सिजन कमी असला तरी तो वर येऊन तोंडाने हवा घेतो, त्यासाठी त्याच्या डोक्यात वेगळा अवयव असतो, म्हणूनच लोकांना वाटतं की हा कपातसुद्धा जगतो. जगत नाही, हळूहळू मरतो. तिथे खाचरात दोन नर भांडले तर हरलेला झाडीतून पळून जातो आणि विषय संपतो, काचेच्या टँकमध्ये पळायला जागाच नसते म्हणून भांडण शेवटापर्यंत जातं. म्हणजे जागा आणि आडोसा या दोनच गोष्टींवर सगळं अवलंबून आहे, आणि आडोसा म्हणजे झाडं.

तरी पण एक गोष्ट. काही फायटर असे असतात की त्यांना कोणीच चालत नाही. गोगलगायीचे डोळे खुडतील, लोच दिसला की धावून जातील. असा असेल तर त्याला एकटं राहू द्या, त्याला एकटेपणा वाटत नाही, तो कळपातला मासा नाहीच. वीस-पंचवीस लिटरचा छान झाडं लावलेला टँक आणि एकटा फायटर हा कमी दर्जाचा सेटअप आहे असं समजू नका, मला तर तो बघायला जास्त आवडतो. सोबती ठेवणं ही आपली हौस आहे, त्याची गरज नाही.

आता एकेकाबद्दल.

कुहली लोच. दहाएक सेंटिमीटरपर्यंत वाढणारा गांडुळासारखा लांबट, पिवळसर अंगावर तपकिरी पट्टे, तळाशी राहणारा. फायटर वरती आणि हा खाली, दोघांचा रस्ताच वेगळा. अंगाला शेपूट-पंख म्हणून दिसण्यासारखं काही नाही त्यामुळे फायटर त्याला दुसरा फायटर समजत नाही. दिवसभर दिसणार नाहीत हे आधीच सांगते, लाकडाखाली, क्रिप्ट म्हणजे क्रिप्टोकोराइन या झाडाच्या मुळांपाशी घुसून बसतात, काही जण पैसे फुकट गेले म्हणून चिडतात. पण संध्याकाळी टँकची लाइट बंद केली की दहा मिनिटांत एकेक तोंड बाहेर येतं, मिशांनी रेती चाचपत येतात, दाणा सापडला की तोंडात रेती घेऊन कल्ल्यांतून बाहेर टाकतात, आणि मग सगळे एकमेकांत गुंतून पानावर पडून राहतात. फायटर वरून एकदा येऊन बघतो, एखाद्या वेळी कल्ले फुगवतो, आणि निघून जातो. कमीत कमी पाच-सहा घ्या, दोन घेतले तर ते कायम लपूनच राहतील. आणि खाली बारीक रेती पाहिजेच, रंगीत टोकदार खडे असतील तर मिशा झिजतात. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा, हे कुठेही घुसतात. स्पंज फिल्टर असेल तर हा प्रश्नच येत नाही.

पिग्मी कोरी मस्त मासा आहे, जेमतेम इंचभर, झुंडीने फिरतो, फायटरला काही त्रास देत नाही. पण मी त्याला मुंबई-ठाण्यासाठी पूर्ण मार्क देणार नाही कारण त्याला २२ ते २६ डिग्री पाणी लागतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी ३० च्या वर सहज जातं. फायटरला ते चालतं, कोरी मात्र धापा टाकत वर येतात. पुण्यात, नाशिकमध्ये चालून जाईल, एसीच्या खोलीत टँक असेल तरी चालेल. हाच नियम निऑन टेट्राला, त्यालाही थोडं थंड पाणी आवडतं, शिवाय दुकानात येणारे निऑन फार नाजूक असतात, आणल्यावर पहिल्या आठवड्यात काही जातातच. निऑन दिसायला सुंदर आहेत यात वाद नाही पण आपल्या हवेसाठी त्यांच्याऐवजी एम्बर टेट्रा घ्या, जेमतेम दोन सेंटिमीटरचा, केशरी, २८ डिग्रीलाही खुशाल असतो आणि दाट झाडीत त्याचा रंग असा उठून दिसतो की बास.

हार्लेक्विन रासबोरा माझा दोन नंबरचा आवडता. अंगावर काळा त्रिकोण, बाकी तांबूस, मधल्या पाण्यात आठ-दहाची झुंड एकत्र वळते. हा मलेशिया-सिंगापूर-थायलंडकडचाच असल्यामुळे त्याला फायटरसारखंच गरम, मऊ म्हणजे क्षार कमी असलेलं पाणी चालतं. शेपट्या कुरतडत नाही, आणि एवढा चपळ की फायटर मागे लागला तरी दोन सेकंदांत कंटाळतो. फक्त संख्या कमी ठेवू नका, तीन-चारच असले की ते घाबरट होतात आणि मग एकमेकांशी नाहीतर फायटरशी खोड्या काढायला लागतात. दोन फुटी टँकपेक्षा लहान असेल तर हार्लेक्विन नको, त्यांना पोहायला लांबी लागते.

नेराइट गोगलगाय म्हणजे काचेवरचं शेवाळ साफ करायचं जे काम सांगून सकर विकतात ते खरंच करणारी. गोड्या पाण्यात तिची पिल्लं जगत नाहीत त्यामुळे बाकीच्या गोगलगायींसारखी संख्या वाढत नाही. लाकडावर, पानावर तिळाएवढी पांढरी कडक अंडी चिकटवून ठेवते, ती निघत नाहीत, ज्यांना टँक एकदम चकाचक लागतो त्यांना हे आवडणार नाही. अजून एक गोष्ट मुंबई-ठाणेवाल्यांसाठी, आपलं धरणाचं पाणी मऊ असतं, त्यात कॅल्शियम कमी, त्यामुळे शंख टोकाकडून पांढरा पडून झिजायला लागतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना चोच घासायला जे पांढरं कटलबोन लावतात त्याचा छोटा तुकडा टँकमध्ये टाकून ठेवला की फरक पडतो. मिस्ट्री गोगलगाय दिसायला जास्त छान, पण तिच्या लांब मिशा फायटरला अळी वाटते आणि तो त्या खुडतो. माझ्या फायटरने हेच केलं म्हणून ती मैत्रिणीच्या टँकमध्ये पाठवली, तिथे मजेत आहे.

कोळंबीबद्दल सगळे विचारतात. चेरी श्रिंप फायटरसोबत ठेवली तर पिल्लं खाल्ली जाणारच, मोठ्याही काही जातील, जावा मॉस भरपूर असेल तर काही टिकतात आणि वाढतातही, पण ज्यांना एकेक रंगीत चेरी जपायची आहे त्यांनी तिला वेगळा टँक द्यावा. अमानो श्रिंप मोठी असते, पाच सेंटिमीटरपर्यंत, ती टिकते. आणि लक्षात ठेवा, टँकमध्ये गोगलगाय किंवा कोळंबी असेल तर तांबं असलेलं कुठलंही औषध घालायचं नाही, एका डोसमध्ये सगळ्या मरतात. आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढूनच औषध द्यायचं.

न चालणाऱ्यांची यादी थोडक्यात, कारण त्यात फार बोलण्यासारखं नाही. गप्पीची शेपूट मोठी आणि रंगीत, फायटरला तो दुसरा नर वाटतो, शिवाय गप्पीला जड म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी आवडतं. गुरामी हा फायटरच्याच कुळातला, वरच्याच पाण्यात राहणारा, दोघांना एकच जागा हवी असते. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा हे शेपट्या कुरतडणारे. एंजल मोठा होतो आणि तोही जागेसाठी भांडतो. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि त्याची घाण प्रचंड. दुसरा नर फायटर तर विचारातही नको. नर आणि मादी जोडी म्हणून एकत्र ठेवा असंही दुकानात सांगतात, त्यांना फक्त ब्रीडिंगपुरतं एकत्र आणतात आणि अंडी घालून झाल्यावर मादीला लगेच बाहेर काढावं लागतं, नाहीतर नर तिला मारतो. पाच-सहा माद्यांचा एकत्र टँक करतात लोक, व्हिडिओमध्ये छान दिसतो, पण कधीही बिघडू शकतो, मी नवख्या माणसाला सुचवणार नाही.

झाडांवर आता मनापासून लिहिते कारण माझ्या मते खरा पैसा इथेच वसूल होतो.

अनुबियास नाना. जाड, गडद हिरवी, कडक पानं, कमी उजेडात राहतं, हळू वाढतं, मारायचं ठरवलं तरी लवकर मरत नाही. एकच अट, त्याचा जो आडवा जाड कंद असतो, रायझोम, तो रेतीत पुरायचा नाही, पुरला की कुजतो. दोऱ्याने लाकडाला बांधा नाहीतर साध्या सुपरग्लूच्या जेलने चिकटवा, सुकल्यावर माशांना काही होत नाही. मी एक रोप लाकडाच्या वरच्या फांदीला बांधलंय, पाण्याच्या पातळीच्या बोटभर खाली, आणि फायटरची झोपायची जागा तीच. रात्री बघितलं तर पानावर आडवा पडलेला असतो, एक कल्ला पानाला टेकलेला, रंग फिका झालेला, पहिल्यांदा बघणाऱ्याला मेला असंच वाटतं. त्याला पृष्ठभागाच्या जवळ टेकायला काहीतरी लागतं कारण हवेसाठी वर यायचं अंतर कमी पडतं, आणि हाफमूनसारख्या जड शेपटीवाल्याला तर फारच. बाजारात यासाठी सक्शन कपवालं प्लास्टिकचं पान मिळतं, त्याच्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

जावा फर्न अनुबियाससारखंच बांधायचं. पानांच्या मागे काळे ठिपके आले की रोग समजून कापून टाकतात लोक, ते कापू नका, त्यातून छोटी रोपं फुटतात. जावा मॉस कोळंबी आणि लोचला लपायला उत्तम पण गाळ धरतं, आठवड्याला हलवून घ्यावं लागतं.

क्रिप्टोकोराइन वेंडटी, तपकिरी किंवा हिरवं, ते रेतीत लावायचं, मुळाशी रूट टॅब म्हणजे खताची गोळी द्यायची. नवीन लावल्यावर पंधरा दिवसांत सगळी पानं वितळून जातात, अक्षरशः चिकट होऊन गळतात. उपटून फेकू नका, मुळं जिवंत असतात, नवी पानं येतात आणि ती टँकच्या पाण्याला सरावलेली असतात. नंतर फक्त जागा हलवायची नाही. क्रिप्टोकोराइनची स्पायरालिस नावाची जात आपल्या पश्चिम घाटाच्या पट्ट्यातच उगवते हे कळल्यापासून मला या झाडाबद्दल अजूनच माया वाटते.

हायड्रिला, व्हॅलिसनेरिया आणि वॉटर विस्टेरिया ही तिन्ही आपल्याकडची, स्वस्त आणि भराभर वाढणारी. नवीन टँकला सुरुवातीला हीच लावा, पाण्यातला अमोनिया-नायट्रेट ओढून घेतात. हायड्रिला दुकानात वीस-तीस रुपयांना मूठभर मिळते पण तिच्यासोबत काय काय फुकट येतं, छोट्या गोगलगायींची अंडी, कधी चतुराची अळी, आणि ती अळी छोटे मासे खाते. म्हणून कुठलंही झाड आणलं की आधी बादलीत तुरटीच्या पाण्यात काही तास बुडवायचं, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवायचं आणि मगच टँकमध्ये. टिशू कल्चरची म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली झाडं डबीत मिळतात त्यात ही भानगड नाही, थोडी महाग पण स्वच्छ, फक्त मुळांचं जेल धुऊन टाकायचं.

तरंगणारी झाडं, साल्विनिया किंवा फ्रॉगबिट, फायटरसाठी मला अनुबियासइतकीच गरजेची वाटतात. उजेड कमी होतो, पाणी शांत राहतं, मुळं खाली लोंबतात त्यातून तो फिरतो, आणि नर खूश असला की त्या पानांखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो. पूर्ण पृष्ठभाग झाकू देऊ नका, त्याला हवा घ्यायला मोकळी जागा पाहिजे, मी एअरलाइनच्या ट्यूबचं गोल कडं करून त्यात ती अडवून ठेवलीयेत. आणि जास्त झाली की काढून कुंडीत खत म्हणून टाका, गटारात, नाल्यात, तलावात कधीच नाही. जलपर्णीने आपल्या नद्यांचं काय केलंय ते आपण दर वर्षी बघतोच, अजून एक पाहुणी सोडायची गरज नाही.

उलट बाजूनेही तेच सांगते. पावसाळ्यात कास पठाराकडे जाणारे काही जण तिथलं वायतुऱ्याचं रोप टँकसाठी उपटावं का असं विचारतात. वायतुरा म्हणजे ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, सातारा आणि आसपासचा सह्याद्री सोडून जगात कुठे उगवत नाही. त्याला हात लावायचा नाही. दुकानात ॲपोनोजेटॉनचे कंद मिळतात ते वेगळ्या जातींचे, ते लावा, महिनाभरात लांब नागमोडी पानं येतात, फार देखणं दिसतं.

लकी बांबू पाण्यातलं झाड नाही, पूर्ण बुडवलं तर सडतं, तरी टँकसाठी म्हणून विकतात. त्यापेक्षा घरात असतोच तो मनीप्लांट घ्या, मुळं टँकमध्ये आणि पानं बाहेर, पाणी स्वच्छ ठेवायला यासारखं फुकटचं काही नाही. पण फुलदाणीत झाड वरती आणि खाली फायटर, तो मुळं खाऊन जगतो, असं सांगून विकतात ते घेऊ नका. फायटर मांसाहारी आहे, तो मुळं खात नाही, उपाशी मरतो.

प्लास्टिकची झाडं घ्यायचीच असतील तर जुना नायलॉनचा मोजा त्याच्यावरून ओढून बघा, धागा अडकला तर हाफमूनची शेपूटही अडकणार. कापडी पानांची मिळतात ती बरी.

आणि बदामाचं पान. ऑनलाइन दहा पानांचे दोनशे रुपये वगैरे घेतात, आणि झाड तुमच्या सोसायटीच्या बाहेर उभं असतं, तेच आपलं मोठ्या पानांचं देशी बदाम. हिवाळ्यात पानं लाल होऊन गळतात ती पूर्ण सुकलेली, तपकिरी झालेली उचला, रस्त्याच्या कडेची किंवा धूरफवारणी होते तिथली नको, धुवा, उकळत्या पाण्यातून काढा आणि एक पान टाका. पाणी चहाच्या रंगाचं होतं, फायटरला ते मानवतं, बुरशी-जंतूंनाही थोडा आळा बसतो. कुहली पानाखाली जाऊन बसतात. फक्त मऊ पाण्यात पानं जास्त झाली तर पीएच उतरतो आणि नेराइटचा शंख अजून झिजतो, म्हणून मी एका वेळी एकच पान ठेवते.

क्रमाबद्दल वर बोलले ते असं. झाडं लावून, फिल्टर चालू करून चार ते सहा आठवडे टँक सायकल होऊ द्यायचा, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यात वाढू द्यायचे, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की आधी लोच आणि रासबोरा, ते रुळले की शेवटी फायटर, म्हणजे तो ही जागा आधीपासून आपली आहे असं धरून बसत नाही. फायटर आधीपासूनच असेल तर त्याला दिवसभर जाळीच्या बॉक्समध्ये ठेवा, लाकूड-दगडांची जागा बदला, आणि नवीन मंडळी सोडल्यावर मगच त्याला मोकळं करा. पहिल्या दिवशी कल्ले फुगवणं, थोडं मागे धावणं चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तो खाणं सोडून एकाच माशाच्या मागे असेल, किंवा कोणाची शेपूट फाटलेली दिसली, किंवा फायटरच कोपऱ्यात लपून बसला असेल, तर वाट बघू नका, वेगळे करा. त्यासाठी एक जास्तीचा डबा आणि छोटा स्पंज फिल्टर घरात तयार असलाच पाहिजे, तो नसेल तर सोबती आणूच नका.

खायला घालताना एक लफडं होतं ते कोणी सांगत नाही. लोचसाठी टाकलेले बुडणारे दाणे फायटर खाली जाऊन खातो, स्वतःचे दाणे खाऊन वर हे, मग पोट फुगतं आणि तो तिरका पोहायला लागतो. मी फायटरला आधी वरती तीन-चार दाणे देते, लाइट बंद करते, आणि अर्ध्या तासाने लोचचे दाणे लाकडामागे टाकते, अंधारात तो खाली उतरत नाही. आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनाच उपास.

पाण्याचं थोडक्यात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, अँटीक्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय घालायचं नाही. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर आधी जडपणा तपासा, खूप जड पाण्यात रासबोरा आणि टेट्रा नीट राहत नाहीत, अशा वेळी फायटर आणि गोगलगाय एवढंच ठेवलेलं बरं. पुणे-नाशिकवाल्यांनी डिसेंबर-जानेवारीत ५० वॉटचा हीटर लावून २६ डिग्रीवर ठेवावा, आमच्याकडे ठाण्यात त्याची गरज फार थोडे दिवस पडते. झाकण मात्र सगळीकडे हवंच, फायटर उडी मारतो आणि कुहलीसुद्धा.

खर्चाचा अंदाज म्हणून, झाडं आणि बदामाची पानं धरून माझा जेवढा खर्च झाला त्याच्या निम्म्याहून जास्त टँक, लाइट आणि टेस्ट किटवर गेला, मासे त्यामानाने स्वस्त पडले. बजेट कमी असेल तर लाइट साधी घ्या, महागडं लाकूड सोडून द्या, पण टेस्ट किट आणि रेती यात काटकसर नको. २५ लिटरचा टँक असेल तर फायटर, एक नेराइट, दोन अनुबियास, एक क्रिप्ट, वरती थोडं साल्विनिया, बास, मासे अजून वाढवू नका. दोन फुटी असेल तर त्यात सहा कुहली आणि आठ हार्लेक्विन किंवा दहा एम्बर, म्हणजे हार्लेक्विन आणि एम्बर यांपैकी एकच झुंड. कुहली मागवायच्या असतील तर दुकानदाराला आठवडाभर आधी सांगून ठेवा, आल्या आल्या उचलू नका, दोन-तीन दिवस त्याच्याकडे राहू द्या, जे टिकतील आणि खाताना दिसतील तेच घ्या.